बिडाच्या तव्यावरचा लसूण टोस्ट

लसूण आणि पाव एकाच वेळी तव्यावर चढवले तर लसूण आधी करपतो. पावाला मंद आचेवर छान बदामी रंग यायला एका बाजूला तीन-चार मिनिटं तरी लागतात. तेवढ्या वेळात बारीक चिरलेला लसूण काळा पडून कडू होतो. टोस्ट दिसायला देखणा असतो, पण पहिल्याच घासाला जिभेवर कडवटपणा येतो. तव्यावरच्या लसूण टोस्टची सगळी मेख इथंच आहे. ओव्हनमध्ये लसणाचं बटर पावाच्या वरच्या बाजूला असतं, त्यामुळे तिथं हे एवढं जाणवत नाही. तव्यावर मात्र लसूण थेट तापलेल्या लोखंडाला टेकतो.

आमच्याकडे ओव्हन नाही, आणि घ्यायचा विचारही नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. तशात सहा स्लाइससाठी ओव्हन तापवत बसायचं मला पटत नाही. लेकीनं कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर बाहेर गार्लिक ब्रेड खाल्ला, तो तिला फार आवडला आणि घरी कधी करतेस म्हणून ती मागेच लागली. तेव्हापासून मी हा टोस्ट तव्यावर करत आले. दर वेळी एखादी गोष्ट बदलून बघितली आणि आता जी रीत बसली आहे, तिच्यावर माझा पक्का भरवसा आहे.

आधी लसणाचं सांगते. सोलापूरच्या घरात लसूण कधी संपलेला नसतो. शेंगा चटणी दर पंधरवड्याला कुटावीच लागते आणि लसणाशिवाय ती होत नाही. लक्ष्मी मार्केटात दोन्ही तऱ्हेचा लसूण मिळतो, मोठ्या पांढऱ्या पाकळ्यांचा आणि गावरान. गावरान लसूण सोलायला किचकट, पण टोस्टला मी तोच घेते. त्याचा तिखट वास तुपात उतरला तरी टिकून राहतो. मोठ्या पाकळीत पाणी जास्त, वास कमी, आणि ती तळताना लवकर मऊ पडते. मोठाच मिळाला तर पाकळ्या थोड्या वाढवायच्या, एवढंच.

चटणीला लसूण आपण ठेचतो. त्या सवयीनं हात आपोआप खलबत्त्याकडे जातो, पण इथं लसूण ठेचायचा नाही. ठेचलेल्या लसणाचा रस सुटतो, तो चिकट होतो, तुपात त्याचे गोळे बनतात आणि गोळ्यातला बाहेरचा भाग जळला तरी आतला कच्चाच राहतो. सुरीनं चिरलेला, सगळा एकसारखा, साधारण मोहरीच्या दोन दाण्यांएवढा तुकडा हवा. एकसारखा का, तर लहान-मोठे तुकडे असले की लहान जळायला लागतात तेव्हा मोठ्यांचा कच्चेपणा गेलेला नसतो.

चिरून झाला की लसूण दहा मिनिटं तसाच पाटावर राहू द्यायचा. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती कापली की तिच्यातलं अ‍ॅलिनेज हे एंझाइम अ‍ॅलिन नावाच्या घटकाला जाऊन भिडतं आणि त्यातून अ‍ॅलिसिन तयार होतं, ज्याला आपण लसणाचा वास म्हणतो. हे एंझाइम उष्णतेनं मरतं. चिरल्या-चिरल्या लसूण गरम तुपात टाकला तर ते काम अर्धवटच राहतं. दहा मिनिटं थांबल्यावर तूप किती जास्त दरवळतं, ते एकदा करून बघितल्याशिवाय पटणार नाही.

आता स्निग्धाचा प्रश्न. बाजारच्या मिठाच्या बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी. उरतं ते मीठ आणि दुधाचा थोडा घन भाग. हा घन भागच घात करतो. १५० अंशांच्या आसपास तो जळायला लागतो, तव्यावर काळे कण दिसतात आणि ते पावाला चिकटतात. बटरमध्ये थोडं तेल घातलं की बटर जळत नाही, असं बऱ्याच जणी सांगतात. तसं होत नाही. तेलानं तो घन भाग पातळ पसरतो, पण जळायचा तेव्हा तो जळतोच. त्यापेक्षा आपलं तूप बरं. कढवताना पाणी उडून गेलेलं असतं, बेरी गाळून काढलेली असते, आणि २३० अंशांच्या वर जाईपर्यंत ते धुरकटत नाही. म्हणून माझ्याकडे कामाची वाटणी अशी झाली आहे: लसूण आणि पाव तळायला तूप, चवीला बटर, आणि बटर तव्याला लागू द्यायचंच नाही.

सहा स्लाइसना मी तीन मोठे चमचे तूप, दोन मोठे चमचे मऊ झालेलं बटर आणि गावरान लसणाच्या पंधराएक पाकळ्या घेते. तूप लहान कढल्यात घ्यायचं आणि ते गार असतानाच त्यात लसूण घालायचा, मग खाली बारीक आच. फोडणीची सवय असलेल्याला हे उलटं वाटेल, कारण फोडणीत तेल कडकडीत तापल्याशिवाय आपण काही टाकत नाही. पण इथं लसणाला सावकाश तापायचं आहे.

यापुढची दोन-तीन मिनिटं कढल्यावरून नजर काढायची नाही. आधी काहीच घडत नाही. मग प्रत्येक तुकड्याच्या कडेनं साबुदाण्यापेक्षाही बारीक बुडबुडे यायला लागतात, ते लसणातलं पाणी. बुडबुडे वाढतात, हलका चर्र आवाज येतो आणि कच्चा, नाकात चढणारा वास बदलून गोडूस होतो. थोड्या वेळानं बुडबुडे विरळ होतात, आवाज बसतो. पाणी संपत आल्याची ती खूण. तुकड्यांच्या कडा फिकट पिवळ्या दिसल्या की आच बंद करून लगेच चहाच्या गाळणीतून तूप वाटीत गाळून घ्यायचं. सोनेरी होण्याची वाट बघायची नाही, कारण गाळणीत काढल्यावरही लसूण आतल्या उष्णतेनं पुढे शिजत राहतो आणि मिनिटभरात आपसूक सोनेरी होतो. वाटीत लसणाच्या वासाचं तूप, गाळणीत कुरकुरीत लसूण. दोन्ही वेगवेगळे झाले की अर्धी लढाई जिंकली.

पाल्याच्या बाबतीत मात्र मला फार आनंदाचा शोध लागला. सुरुवातीला मी पिझ्झाबरोबर येणाऱ्या ओरेगॅनोच्या पुड्या वापरत होते. त्या मिश्रणात बऱ्याचदा मीठही असतं, आणि बटर आधीच खारट, त्यामुळे टोस्ट खारट व्हायचा. मग कुठंतरी वाचलं की ओरेगॅनो आणि मरवा हे सख्खे भाऊबंद आहेत, दोघांचंही शास्त्रीय नाव ओरिगॅनमनेच सुरू होतं. मरवा तर आमच्या गच्चीत कुंडीत होता! सासूबाईंनी तो गजऱ्यासाठी आणि देवाच्या फुलांत घालायला लावलेला. पान चुरगळून वास घेतला, तर ओरेगॅनोपेक्षा मवाळ, गोडसर, पण त्याच घराण्यातला.

मी त्यांना विचारलं, "आई, यातला थोडा खुडू का? टोस्टला घालते."

"अगं, मरवा केसात माळतात. खातात का कधी?"

"बाहेरच्या देशांत खातात. सुपात, भाजीत."

"मग शेंडा खूड. बुडातून उपटू नकोस, पुन्हा फुटू दे."

त्यांचं हे सांगणं अगदी रास्त होतं. शेंडा खुडला की मरव्याला बाजूनं फांद्या फुटतात आणि कुंडी भरगच्च होते. फुलवाल्यांकडचा मरवा मात्र स्वयंपाकात वापरू नये. तो खाण्यासाठी पिकवलेला नसतो, त्यावर काय फवारलेलं असेल याचा नेम नाही. रोपवाटिकेतून रोप आणावं, नवी पालवी येऊ द्यावी, मग खुडावं.

मरव्याच्या शेजारच्या कुंडीत पानओवा होता. जाड, लवदार पानांचा हा ओवा बऱ्याच घरांत भज्यांसाठी आणि लहान मुलांच्या सर्दीसाठी लावतात. ओरेगॅनोला त्याचा तो ठसकेदार वास ज्या कारव्हॅक्रॉलमुळे येतो, ते पानओव्यातही भरपूर असतं. मरव्यात जो ठसका कमी पडतो, तो पानओवा भरून काढतो. पण हात आखडता हवा. सहा स्लाइसना दोन मध्यम पानं पुष्कळ झाली, तिसरं पडलं की टोस्ट काढ्यासारखा लागतो. पान रसदार असल्यानं चिरून ते कापडावर टिपून घ्यायचं, नाहीतर बटरमध्ये पाणी सुटतं. मरव्याची पानं एक मोठा चमचा, पानओव्याची दोन, आणि कोथिंबीर आवडीप्रमाणे. कोथिंबिरीचे देठही बारीक चिरून घालते, पानांपेक्षा त्यांचा वास उष्णतेत जास्त टिकतो.

ही सगळी हिरवाई, गाळणीतला लसूण आणि भरड मिरपूड मऊ बटरमध्ये कालवून ठेवायची. पाला आचेवर जात नाही. ताज्या पानांचा वास फार उडून जाणारा असतो, तुपात तळली की पानं कुरकुरीत होतात पण बेचव लागतात. सुकं ओरेगॅनो वापरायचं असेल तर उलटं करायचं. ते गाळलेल्या कोमट तुपात पाच मिनिटं भिजू द्यायचं.

ब्रेडबद्दल माझी मतं ठाम आहेत. मिल्क ब्रेड नको. त्यात साखर जास्त असते, त्यामुळे तो आत तापायच्या आधीच बाहेरून काळपटतो. साधा सँडविच ब्रेड घ्यावा, आणि बेकरीवाले ओळखीचे असतील तर न कापलेला मागून घ्यावा. घरी बोटभर जाडीचे काप केले की टोस्ट बाहेरून कडक आणि आतून मऊ राहतो. मशीनवर कापलेली पातळ स्लाइस आरपार वाळून खारीसारखी लागते. लादी पावही छान होतो. तो आडवा उघडायचा आणि आतली बाजू तुपात शेकायची. त्या मऊ बाजूची भोकं तूप धरून ठेवतात आणि तिला जो पापुद्रा येतो, तो कुठल्याही स्लाइसला येत नाही.

ताजा, वाफ धरलेला ब्रेड या कामाचा नाही. पावाच्या अंगावर ओल आहे तोवर त्याचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, सगळी आच पाणी उडवण्यातच खर्च होते. बदामी रंग आणि भाजल्याचा खमंग वास १४० अंशांच्या पुढे धरायला लागतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामी मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं. प्रथिनं आणि साखर यांचं उष्णतेनं जे लग्न लागतं, तीच ही क्रिया; मायार यांचंच नाव तिला मिळालं आहे. आपल्या भाकरीवरचे तपकिरी डाग, शेंगदाणे भाजल्याचा वास, सगळं त्याच क्रियेचं देणं. म्हणून कालचा ब्रेड बरा. आजचाच असेल तर काप ताटात मोकळे पसरून ठेवायचे. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात ते तासाभरात वरून सुकतात. श्रावणात निम्मा दिवस ठेवले तरी ओलसरच, तेव्हा कोऱ्या तव्यावर, तूप न घालता दोन्हीकडून मिनिट-मिनिट शेकून घेते.

तवा बिडाचा, सपाट. भाकरीचा तवा मध्ये खोलगट असतो, त्यावर स्लाइसच्या कडा टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरं पुष्कळ, त्यांच्याकडे डोशाचा जुना, वापरून वापरून काचेसारखा गुळगुळीत झालेला बिडाचा तवा हमखास सापडतो. माझा तसाच आहे. शेजारच्या काकूंनी तो कसा मुरवायचा ते मला शिकवलं होतं. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की स्लाइस टाकल्यावर तापमान पडत नाही. नॉनस्टिकवरही टोस्ट होतो, रंग मात्र एकसारखा येत नाही.

तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवून मग आच बारीक करायची. पाण्याचा थेंब टाकला तर तो जागेवर चुरचुरून आटला पाहिजे. टणाटण उड्या मारायला लागला तर तवा जास्त तापला आहे, खाली उतरवून थोडा निववावा. लसणाचं तूप तव्यावर ओतायचं नाही. ब्रशनं किंवा चमच्याच्या पाठीनं स्लाइसलाच लावायचं, कडेपर्यंत. तव्यावर ओतलेलं तूप पहिली स्लाइस एकटीच पिऊन टाकते, असा माझा अनुभव आहे. तूप लावलेली बाजू खाली करून स्लाइस ठेवायची आणि उलथन्यानं हलकेच दाबायची, विशेषतः चारी कोपरे. ब्रेड तापला की कोपरे वर उचलले जातात, तिथं रंग येत नाही.

आता तीन मिनिटं हात लावायचा नाही. उचलून उचलून बघितलं की तव्याचा संपर्क तुटतो. खालून येणारा बारीक चर्र आवाज ऐकायचा. तो मंदावला आणि कडेनं सोनेरी रेघ दिसली की उलटायचं. उलटायच्या आधी वरच्या बाजूला तूप लावून घ्यायचं.

आणि उलटल्यावर लगेच, खालची बाजू भाजत असताना, वर आलेल्या गरम बदामी बाजूवर लसूण-पाल्याचं बटर पसरायचं. या एका क्रमासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. बटर खालच्या उष्णतेनं वितळून पावात मुरतं, पण तव्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्यातला घन भाग जळत नाही. लसूण आधीच शिजलेला आहे, तो पुन्हा लोखंडाला टेकत नाही. पाल्याला फक्त ऊब लागते, तेवढ्यानं वास मोकळा होतो. दुसरी बाजू भाजून होईपर्यंत वरचं बटर चकाकत आत शिरलेलं असतं. चीज हवं असेल तर ते याच वेळी किसून घालावं आणि अर्धा मिनिट झाकण ठेवावं. एरवी झाकण नाही, वाफ धरली की कडकपणा गेला.

टोस्ट ताटलीत काढू नये. खालची वाफ ताटलीत अडकते आणि दोन मिनिटांत ती बाजू ओली होते. मी पापड भाजायची जाळी वाडग्यावर ठेवते आणि टोस्ट त्यावर काढते. खालून वारा खेळतो, दोन्ही बाजू कडक राहतात. मग चौकोनी नको, तिरकेच कापावेत असा लेकीचा आग्रह असतो.

सासूबाईंचा पहिल्यांदा नकारच होता. "कच्चा लसूण नको गं, दिवसभर तोंडाला वास राहतो." एक तुकडा खाऊन त्या म्हणाल्या, "हा कच्चा नाही लागत. आणि हा मरवा चांगला लागतोय की!" त्यानंतर संध्याकाळी चहाबरोबर त्याच मागतात.

ज्यांना लसणाचा झणका हवा, त्यांच्यासाठी आणखी एक सोपी वाट आहे. इटलीत ब्रुस्केत्ता करताना भाजलेल्या पावाच्या खडबडीत अंगावर कच्ची सोललेली पाकळी घासतात आणि वरून ऑलिव्ह तेल घालतात. पावच किसणीचं काम करतो. मी स्लाइस नुसत्या तुपात शेकून, जाळीवर काढल्यावर पाकळी दोनदा फिरवून बघितली. चव धारदार आली, नाकापर्यंत गेली. ती मला आणि नवऱ्याला आवडते, घरातल्या बाकीच्यांना नाही.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. लसूण घातलेलं तूप किंवा तेल बरणीत भरून ओट्यावर ठेवू नका. लसूण जमिनीखाली वाढतो, त्याच्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. तेलातुपात हवा पोचत नाही, आंबटपणाही नसतो, आणि अशा जागी, उबेला, ते विष तयार करतात. वासावरून किंवा रंगावरून ते कळत नाही. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली तेलातल्या लसणामुळे अशी विषबाधा झाली होती. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका पत्करूच नये. लागेल तेवढंच तूप त्या दिवशी करावं. उरलंच तर फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं.

पाहुणे असले तर क्रम थोडा बदलते. दुपारीच ब्रेड कापून वाळत ठेवते, बटरमध्ये नुसता पाला आणि मिरपूड कालवून फ्रिजमध्ये ठेवते, तूप मात्र ऐन वेळी करते आणि त्यातला लसूण तेव्हाच बटरमध्ये घालते. तव्यावर एका वेळी चारच स्लाइस. दाटी केली की मधल्या स्लाइस वाफाळतात. पहिला घाणा जाळीवर जाईपर्यंत दुसऱ्याला तूप लावून तयार ठेवायचं, म्हणजे तवा रिकामा जळत राहत नाही.

ब्रेड घरात नव्हता अशा एका संध्याकाळी लेकीनं कडक भाकरी पुढे केली. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली. ती तव्यावर दोन्हीकडून शेकली, लसणाचं तूप लावलं, वर तो कुरकुरीत लसूण, थोडा मरवा आणि शेंगा चटणी भुरभुरली. भाकरी आधीच भाजलेली असल्यानं तिला मिनिटभर पुरतो. आता आमच्याकडे टोस्टपेक्षा हिचीच फर्माईश जास्त होते. हिला बटर मात्र लावू नये. बटरमधल्या पाण्यानं कडक भाकरी जागच्या जागी नरम पडते. तुपात पाणी नसतं, त्यामुळे तूप लावलेली भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत कुडुमकुडुम वाजते.